बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेनंतरचा व्यायाम

स्थूलतेवरील स्लीव्ह (जठराचा बराच भाग काढून ते अरुंद करणे) किंवा बायपास (जठर लहान करून ते पुढच्या आतड्याला जोडणे) शस्त्रक्रियेनंतर टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायची शारीरिक हालचाल. पहिल्या काही महिन्यांत वजन उतरते ते मुख्यतः आहार घटल्यामुळे. व्यायाम न करणाऱ्याचेही उतरते. त्यामुळेच व्यायाम मागे पडतो. पण उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही असतात. तो स्नायू आणि हाडांची घनता राखणे हे या व्यायामाचे खरे काम असून नुसत्या चालण्याने ते पुरेसे होत नाही.

पहिले सहा आठवडे : दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला बहुधा त्याच दिवशी आधार देऊन चालवतात. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे हा या काळातला मोठा धोका, म्हणून पडल्या पडल्याही घोटे वरखाली करत राहायचे. घरी आल्यावर सपाट जागी ५ ते १० मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा चालावे. दर आठवड्याला फेरीमागे ५ मिनिटे वाढवली, तर महिनाभरात सलग ३० मिनिटे जमू लागतात. वेग असा असावा की चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. या काळात ५ किलोपेक्षा जास्त ओझे उचलू नये, कारण छिद्रांच्या जागी हर्निया होऊ शकतो. पाण्याची भरलेली बादली, कडेवरचे मूल, भरल्यावर सुमारे ३० किलो होणारा गॅस सिलिंडर हे सगळे त्यात आले. पोहणे जखमा पूर्ण भरल्यावरच. पोटावर ताण देणारे सूर्यनमस्कार, नौकासन, कपालभाती हे सहा ते आठ आठवड्यांनंतर, शल्यविशारदाला विचारून सुरू करावेत.

स्वस्थ बसूनही नाडी १२० च्या वर राहणे, ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढती वेदना ही जठराचा सांधा (शस्त्रक्रियेत शिवलेली किंवा जोडलेली जागा) गळत असल्याची चिन्हे असू शकतात. एकाच पोटरीला सूज येणे किंवा अचानक धाप लागणे हे गुठळीचे लक्षण असू शकते. अशा वेळी लगेच रुग्णालय गाठावे.

चक्कर : व्यायाम सुटण्याचे हे नेहमीचे कारण, आणि ते बहुधा दुरुस्त करता येते. एकदम गटागटा पाणी पिता येत नसल्याने शरीरात पाणी कमी पडते. दिवसाचे दीड ते दोन लिटर घोट घोट करूनच भरावे लागते. त्यात जेवणानंतरचा अर्धा तास पाणी वर्ज्य. दुसरे कारण औषधांचे : वजन उतरते तशी रक्तदाब व मधुमेहाच्या गोळ्यांची मात्रा कमी करावी लागते, ती तशीच राहिली तर माणूस चालता चालता कोसळू शकतो. तिसरे विशेषतः बायपासनंतर दिसते. गोड किंवा पिठूळ खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी साखर घसरते. थरथर, घाम, धडधड होते आणि तो व्यायामाचा थकवा समजला जातो. शंका आली की ग्लुकोमीटरवर साखर पाहावी. व्यायामाआधी गोड पेये घेण्याने हा त्रास वाढतो.

ताकदीचा व्यायाम : सहा ते आठ आठवड्यांनंतर, आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. हात छातीशी घेऊन खुर्चीतून उठणे-बसणे, भिंतीवर जोर, रबरी पट्टा ओढणे, टाचा उचलणे एवढ्यावर सुरुवात होते. प्रत्येकी ८ ते १२ वेळा, दोन फेऱ्या. बारावी वेळ सहज जमली की भार वाढवायचा. रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात गेली नाहीत तर या कष्टाचे चीज होत नाही. अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम प्रथिने असतात. वाटीभर वरणावर ही बेरीज जमत नाही, म्हणून शाकाहारी व्यक्तीला बहुधा प्रथिनांची पावडर लागते. दम टिकत नसेल तर लोह, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे. लोहाची व कॅल्शियमची गोळी दोन तासांच्या अंतराने घ्यावी.

पुढे आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचे लक्ष्य ठेवतात. वर्ष-दोन वर्षांनी वजन पुन्हा चढू लागते तेव्हा हीच सवय त्याला आवरते.

सांधे, कातडी, नसा : वजन कमी झाल्याने गुडघ्यांवरचा भार हलका होतो, पण नव्या उत्साहात एकदम धावल्यास ते दुखावतात. बायपासनंतर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी जठर-आतड्याच्या जोडाजवळ व्रण होऊ शकतो; पॅरासिटामॉलविषयी डॉक्टरांना विचारावे. सैल कातडीच्या घड्या घामाने सोलवटतात. अंगाला घट्ट बसणारे, घाम शोषणारे कपडे घालावेत आणि नंतर घड्या कोरड्या कराव्यात.

कमी लोकांना ठाऊक असलेला धोका गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला असतो. तिथल्या नसेभोवतीची चरबी झपाट्याने झडल्यावर बराच वेळ पायावर पाय टाकून, मांडी घालून किंवा उकिडवे बसल्याने नस दबते आणि पाऊल लुळे पडते. चालताना पायाचा पुढचा भाग जमिनीला घासू लागला, तर बसण्याची ती पद्धत त्याच दिवशी सोडून डॉक्टरांना दाखवावे. पण सतत उलट्या होत असतील आणि दोन्ही पायांना मुंग्या येऊन तोल जात असेल, तर ती बी-१ जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता असू शकते. तिथे वाट पाहू नये. उपचार त्याच दिवशी सुरू व्हावे लागतात.