शहररेखाटन (लोकसहभागी)

रहिवाशांनी आपले शहर आठवणीतून किंवा जागेवर बसून स्वतःच्या हाताने कागदावर उतरवण्याचा सामूहिक कलाउपक्रम. चित्रकला येणे ही त्याची अट नाही. कार्ट्रिज पेपर, पेन्सिल, स्केचपेन आणि ‘तुमचं ठाणं काढा’ एवढी एकच सूचना पुरते. खोडरबर न दिलेला बरा. तो हाती आला की माणसे शहर सोडून रेघ सरळ करत बसतात.

या पद्धतीमागे दोन प्रवाह आहेत. अमेरिकन नगररचनाकार केव्हिन लिंच यांनी बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस इथल्या रहिवाशांना आपापल्या शहराचे नकाशे आठवून काढायला लावले. वाटा, कडा, विभाग, नाकी आणि खुणा या ५ घटकांतून शहर मनात साठते, असे त्यांनी १९६० साली मांडले. दुसरा प्रवाह जागेवर बसून चित्र काढणाऱ्यांचा. सिअ‍ॅटलचे पत्रकार-चित्रकार गाब्रिएल कांपानारिओ यांनी २००७ मध्ये ‘अर्बन स्केचर्स’ हा गट सुरू केला आणि तो जगभर पसरला. मात्र मिळून चित्र काढणे आपल्याला नवे नाही. ठाण्यालगतच्या येऊरच्या पाड्यांवर वारली समाज राहतो. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्र काढण्याची त्यांची रीत मुळात बायकांची, तीही लग्नघरात एकत्र बसून जपलेली.

लिंच यांचे घटक ठाण्याला चपखल बसतात. जांभळी नाका, तीन हात नाका, माजिवडा नाका: इथे पत्ताच नाक्यावरून सांगतात. ‘नितीन कंपनी’ म्हटले की कारखाना नव्हे, चौक डोळ्यांपुढे येतो. रेल्वेचे रूळ ही ठळक कड. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली. त्याच रुळांमुळे पुढे शहराचे पूर्व आणि पश्चिम झाले. रुळांलगतच्या कोपरीत वाढलेला माणूस रूळ कागदाच्या मधोमध ओढील, रुळांपासून दूर घोडबंदर रोडवरचे मूल ते काढणारही नाही. त्याच्या कागदावर उड्डाणपूल, इमारतीचे गेट आणि शाळेची बस.

अशा चित्रातली ‘चूक’ हाच त्याचा गाभा. समजा, नौपाड्यातल्या आजींनी मासुंदा तलाव अर्धा कागदभर काढला, काठाला पायऱ्या, होड्या, शेजारी कोपिनेश्वराचे शिखर, आणि स्टेशन मात्र कोपऱ्यात काडेपेटीएवढे. मोजमाप साफ चुकले. पण रोज संध्याकाळी तलावपाळीला फेरी मारणाऱ्या बाईचे ठाणे एवढेच आणि असेच असते. म्हणून संयोजकाने प्रमाण दुरुस्त करू नये. चेंदणी कोळीवाड्यातल्या कुणी खाडी रस्त्यापेक्षा रुंद काढली, मीठबंदराला बंदरच दाखवले, तर ती माहिती महापालिकेच्या नकाशात सापडणारी नव्हे.

नवी मुंबईत उलटा अनुभव येऊ शकतो. ते शहर आधी कागदावर आले, मग जमिनीवर. १९७० साली स्थापन झालेल्या सिडको या सरकारी नियोजन संस्थेने त्याचे नोड (म्हणजे उपनगरे) आणि सेक्टर आखले. सेक्टरमधला रहिवासी चौकटी काढील. जुन्या गावठाणातला आगरी-कोळी माणूस विहीर, देऊळ आणि खाडीची वाट काढील. हे दोन कागद शेजारी-शेजारी टांगावेत.

जमलेली चित्रे वयानुसार न लावता वस्तीनुसार लावणे सोयीचे. प्रत्येक चित्रामागे काढणाऱ्याने स्वतःच्या अक्षरात दोन ओळी लिहाव्यात: इथे किती वर्षे राहतो, आणि कागदावरचे काय आता जागेवर उरलेले नाही.