पर्यटनातील अपेक्षाभंग

प्रवाशाने मनात घेऊन आलेले चित्र आणि समोर दिसणारे स्थळ यांच्यातील तफावत. मराठीत ‘अपेक्षाभंग’ हा शब्द निराशेपुरताच वापरला जातो; अपेक्षेहून चांगले काही हाती लागले, तर त्याला आपण ‘सुखद धक्का’ म्हणतो. पर्यटनात मात्र दोन्हींचे मूळ एकच असते. धक्का स्थळात नसतो, तो आधीच्या चित्रात असतो. म्हणून अनपेक्षित स्थळांची यादी करण्यापेक्षा ती चित्रे कुठून येतात हे पाहणे अधिक उपयोगाचे.

जुने आणि बोलके उदाहरण किलिमांजारोचे आहे. ११ मे १८४८ रोजी योहानेस रेबमान या जर्मन मिशनऱ्याला पूर्व आफ्रिकेत, विषुववृत्तापासून जेमतेम तीन अंशांवर, एका पर्वताच्या माथ्यावर पांढरे काहीतरी दिसले. वाटाड्याकडे त्यासाठी वेगळा शब्द नव्हता. तो त्याला नुसते ‘थंडी’ म्हणाला. तो बर्फ आहे हे रेबमानने ओळखले आणि युरोपला कळवले. लंडनमधील भूगोलतज्ज्ञ विल्यम डेसबरो कूली यांनी ते साफ धुडकावले. विषुववृत्ताजवळ बर्फ असणे त्यांच्या तर्कात बसत नव्हते, आणि आफ्रिकेत ते स्वतः कधी गेले नव्हते. १८६०च्या दशकात फॉन डेर डेकेन या जर्मन प्रवाशाने त्या पर्वतावर काढलेल्या मोहिमांनंतर वाद मिटला. आता गत उलटी आहे. ५,८९५ मीटर उंचीच्या या पर्वताची हिमाच्छादित छायाचित्रे जगभर पोहोचली आहेत. पण १९१२पासून त्यावरचा ८० टक्क्यांहून अधिक बर्फ नाहीसा झाल्याने आज येणाऱ्याला माथा बोडका वाटतो.

ग्राहकांच्या समाधानाचा अभ्यास करणारे रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८०च्या सुमारास मांडलेला सिद्धांत पर्यटनालाही लावला जातो. समाधान वस्तूच्या गुणांवर जितके अवलंबून असते, तितकेच ते अपेक्षा आणि अनुभव यांच्यातील फरकावर अवलंबून असते, असे तो सांगतो. अनुभव अपेक्षेच्या वर गेला तर माणूस खूश, खाली गेला तर नाराज. सिद्धांत सोयीचा आहे, पण तो सारे काही एकाच पट्टीवर मोजतो. काही स्थळे अपेक्षेपेक्षा सरस किंवा निरस नसतात, ती निराळीच असतात.

ऑस्ट्रेलियातील कूबर पेडी हे त्यातलेच. ॲडलेडच्या उत्तरेला सुमारे ८५० किलोमीटरवर असलेल्या या गावात पोहोचणाऱ्याला प्रथम गावच दिसत नाही. दिसतात ते मातीचे ढिगारे, खड्डे आणि जमिनीतून वर आलेले हवेचे नळ. १९१५मध्ये येथे ओपल हे रत्न सापडले, खाणकाम सुरू झाले आणि उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जात असल्याने लोकांनी घरेही खडकातच कोरली. आत बाराही महिने सुखकर गारवा असतो. चर्च आणि हॉटेलेही जमिनीखाली आहेत.

चित्र बिघडवणारे पहिले कारण म्हणजे नाव. ग्रीनलंडचा सुमारे ८० टक्के भाग बर्फाखाली आहे, तर आइसलंडचा अवघा ११ टक्क्यांच्या आसपास. नॉर्स (जुन्या स्कँडिनेव्हियन) गाथांनुसार एरिक द रेड याने वसाहतीसाठी लोक यावेत म्हणून ग्रीनलंडला मुद्दाम हे हिरवे नाव दिले. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा! आइसलंडची राजधानी रेक्याविक ६४ अंश उत्तरेला असूनही अटलांटिकमधील उबदार प्रवाहामुळे तेथील जानेवारीचे सरासरी तापमान शून्याच्या आसपास राहते. हा नावांचा विनोद आता इतका माहीत झाला आहे की, तो ऐकून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला जाणारा पुन्हा फसतो: तेथील फ्योर्डांच्या (समुद्राच्या अरुंद, खोल खाड्यांच्या) काठी उन्हाळ्यात खरोखरच हिरवी कुरणे असतात आणि त्यांत मेंढ्या चरतात.

दुसरे कारण छायाचित्र, आणि त्याच्याही आधी रंगचित्र. अठराव्या शतकात निसर्ग पाहायला निघालेले इंग्रज प्रवासी ‘क्लोद आरसा’ नावाचा काळपट, किंचित फुगीर आरसा जवळ बाळगत. दृश्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि ते आरशात पाहायचे, म्हणजे ते एखाद्या चित्रासारखे दिसे. कवी टॉमस ग्रे १७६९मध्ये लेक डिस्ट्रिक्टमध्ये असाच आरसा हातात धरून चालताना चिखलाच्या वाटेवर उताणा पडला आणि हाताला खरचटले, तरी सूर्यास्त पाहूनच उठला. आजच्या पर्यटकाला हसण्याचा अधिकार फारसा नाही.

छायाचित्राची खोड अशी की त्यात मोजमाप आणि शेजार दोन्ही गळून पडतात. लूव्र संग्रहालयातील मोनालिसा ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद आहे. गर्दीच्या मागच्या रांगेतून ती पोस्टाच्या तिकिटाएवढी भासते. त्याच दालनात तिच्या समोरच्या भिंतीवर व्हेरोनेसे या इटालियन चित्रकाराचे ‘काना येथील विवाह’ हे जवळपास दहा मीटर रुंदीचे चित्र आहे, पण बहुतेकांची त्याच्याकडे पाठ असते. कोपनहेगनची जलपरी सव्वा मीटरची, तर ब्रुसेल्सचा मानेकेन पिस हा पुतळा अर्धा मीटर उंचीपेक्षा जरासाच मोठा. गीझाच्या पिरॅमिडांमागे चित्रांत फक्त वाळू असते. प्रत्यक्षात मान वळवली की पठाराच्या कडेपर्यंत येऊन भिडलेल्या शहराच्या इमारती दिसतात. दुरून डोंगर साजरे ही म्हण इथे थोडी बदलावी लागेल, कारण डोंगर जवळूनही साजराच असतो. चित्रात फक्त त्याच्या शेजारचे कापलेले असते.

या निराशेचे टोक म्हणून ‘पॅरिस सिंड्रोम’चा उल्लेख होतो. पॅरिसमध्ये काम करणारे जपानी मानसोपचारतज्ज्ञ हिरोआकी ओता यांनी १९८०च्या दशकात, त्या शहरात आलेल्या काही जपानी व्यक्तींमध्ये दिसलेल्या तीव्र मानसिक त्रासाला हे नाव दिले. रुग्ण नेहमीच मोजके राहिले. वृत्तपत्रांनी मात्र नाव उचलून धरले. भाषेची अडचण, प्रवासाचा शीण आणि आधीचे आजार यांचा वाटा लक्षात घेता, सारा दोष पॅरिसच्या माथी मारणे योग्य नाही.

तिसरे कारण बातम्या. एखाद्या शहराची कुप्रसिद्धी त्या शहराहून दीर्घायुषी असते. कोलंबियातील मेडेयीनमध्ये १९९१ साली दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ३८० खून होत होते, आणि जगाच्या मनातले मेडेयीन तिथेच थांबले. पुढे २००४मध्ये डोंगरउतारावरच्या गरीब वस्त्यांना मेट्रोशी जोडणारा रज्जुमार्ग सुरू झाला, २०११मध्ये कोमुना १३ या वस्तीत उघड्यावर सरकते जिने बसले. आता पर्यटक तेथे भित्तिचित्रे पाहायला जातात. त्यांतले काही जण येथला कुख्यात अमली पदार्थ तस्कर पाब्लो एस्कोबार याच्या खुणा शोधत येतात. त्याची मोनाको ही इमारत फेब्रुवारी २०१९मध्ये स्फोटाने पाडण्यात आली असून त्या जागी हिंसाचाराच्या बळींचे स्मारक-उद्यान आहे. हा अपेक्षाभंग शहराने जाणूनबुजून घडवलेला आहे.

उरते ते शाळेत शिकलेले वर्गीकरण, आणि सर्वांत घट्ट बसलेले चित्र तेच. वाळवंट म्हणजे वाळू, हे समीकरण सहारातच खोटे ठरते: वाळूचे प्रदेश तेथे एकूण क्षेत्राच्या पावभर आहेत, बाकी खडकाळ पठारे आणि गोट्यांची मैदाने. अल्जीरियातील ऐन सेफ्रा या गावाजवळच्या टेकड्यांवर डिसेंबर २०१६मध्ये हिमवृष्टीही झाली. अंटार्क्टिका म्हणजे बर्फ, असे मानणाऱ्यासाठी मॅकमर्डोच्या कोरड्या दऱ्या आहेत. सुमारे ४,८०० चौरस किलोमीटरच्या या प्रदेशात पर्वत हिमप्रवाह अडवतात आणि उतारावरून घोंघावत येणारे कोरडे वारे जो काही ओलावा येतो तो उडवून नेतात. त्यातल्याच टेलर हिमनदीच्या टोकाला रक्तासारखे लाल पाणी झिरपते. १९११मध्ये ते पहिल्यांदा नोंदले गेले तेव्हा रंग शेवाळाचा असावा असा समज होता; प्रत्यक्षात लोहयुक्त खारे पाणी हवेच्या संपर्कात येताच गंजते.

या समीकरणाची सर्वांत देखणी फजिती ब्राझीलच्या मारान्याओ राज्यात होते. लेनसोइस मारान्येन्सेस (पोर्तुगीजमध्ये ‘लेनसोइस’ म्हणजे चादरी) हे सुमारे १,५५० चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान १९८१मध्ये स्थापन झाले. पांढऱ्या वाळूच्या टेकड्या क्षितिजापर्यंत, आणि दोन टेकड्यांमधल्या प्रत्येक खोलगटात निळे-हिरवे गोड पाणी. हे वाळवंट नाहीच. येथे वर्षाला १,२०० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो, वाळूखालच्या घट्ट थरामुळे पाणी मुरत नाही, आणि भूजलाची पातळी वर येऊन हजारो तळी भरतात. त्यांत मासेही असतात. २०२४मध्ये या उद्यानाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला आणि तळ्यांची छायाचित्रे सर्वत्र पसरली. पाऊस साधारण जानेवारी ते जूनचा; वर्षअखेरीस बहुतेक तळी आटलेली असतात. त्या काळात पाणी पाहायला आलेल्याला मैलोन्‌मैल कोरडी वाळू दिसते आणि तो हिरमुसतो. एकही छायाचित्र न पाहता आला असता, तर त्याने नेमके हेच अपेक्षिले असते.