संगीताचे घड्याळ स्विचमध्ये नसते

घरातली उपकरणे केबलने एकमेकांना आणि राउटरला जोडणारा डबा म्हणजे नेटवर्क स्विच. पाच पोर्टांचा साधा गिगाबिट स्विच बाजारात हजार-दीड हजार रुपयांच्या आसपास मिळतो. तेच काम करणारा, पण ‘ऑडिओफाइल’ हे बिरुद मिरवणारा स्विच घ्यायचा म्हटले, तर किंमत पन्नास हजारांपासून काही लाखांपर्यंत जाते. त्यात घड्याळाचा ठोका देणारा अतिशय अचूक क्रिस्टल आहे, त्यामुळे संगणकीय माहिती अधिक ‘वेळेवर’ पोहोचते आणि म्हणून गायकाचा आवाज मोकळा वाटतो, तबल्याची थाप सुटी ऐकू येते, असे त्याच्या जाहिरातीत सांगितलेले असते. हा दावा खरा की खोटा, हे कानांवर सोपवण्याआधी कागदावर तपासता येते, कारण केबलमधून नेमके काय आणि किती वेगाने जाते याचा हिशेब फारसा अवघड नाही.

सीडीच्या दर्जाच्या संगीतात प्रत्येक सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे आवाजाची मोजमापे, असतात. प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि वाहिन्या दोन. म्हणजे सेकंदाला १४ लाख ११ हजार २०० बिट, अर्थात सुमारे १.४ मेगाबिट. घरगुती वापरात बहुधा सर्वात जड समजले जाणारे २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्‌झचे संगीतही ९.२ मेगाबिटच्या पुढे जात नाही. गिगाबिट स्विचचा एकेक पोर्ट सेकंदाला १,००० मेगाबिट वाहून नेतो. त्यामुळे सीडीच्या दर्जाचे संगीत चालू असताना ही केबल बहुतांश वेळ मोकळीच असते.

हे अधिक जवळून पाहू. संगीताचे बिट एकामागून एक अखंड ओघळत येत नाहीत. ते पाकिटांमध्ये बांधून येतात. नेहमीच्या एका पाकिटात संगीताचे १,४६० बाइट मावतात, आणि सीडीच्या हिशेबाने त्यात ३६५ नमुने बसतात, म्हणजे सुमारे ८.३ मिलिसेकंदांचे संगीत. हे पाकीट गिगाबिट केबलमधून पार व्हायला मात्र जेमतेम १२ मायक्रोसेकंद लागतात. थोडक्यात, १२ मायक्रोसेकंदांची धावपळ आणि मग पुढच्या पाकिटापर्यंत आठ मिलिसेकंदांहून अधिक शांतता, असा हा सरासरी ताल आहे. तोही फक्त हिशेबापुरता. प्रत्यक्षात प्लेअर, म्हणजे नेटवर्कवरून गाणे घेऊन वाजवणारे उपकरण, अनेक सेकंदांचे संगीत एका दमात मागवून घेतो आणि मग बराच काळ काहीच मागत नाही. घरातल्याच नासमध्ये, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या डब्यात, गाणी असतील, तर चार मिनिटांचे न आकुंचलेले गाणे अर्ध्या सेकंदाच्या आत केबल ओलांडू शकते. केबलमधल्या बिटांच्या चालीचा गाण्याच्या लयीशी काही संबंध उरत नाही, तो इथेच.

शिवाय केबलमधून जाते ते बहुधा ‘संगीत’ या रूपात नसतेच. फ्लॅक पद्धतीने आकुंचन केलेल्या फायलीत नमुने जसेच्या तसे नसतात. त्यांच्यातील परस्परसंबंध गणिताने मांडलेले असतात. इंटरनेटवरच्या सेवेकडून गाणे येत असेल, तर त्यावर कूटलेखनाचे आणखी एक आवरण असते. प्लेअरला पाकिटे गोळा करून क्रमाने लावावी लागतात, कूट सोडवावे लागते, आकुंचन उलगडावे लागते, आणि मग कुठे नमुने हाती येतात. अमुक बिट स्विचमधून दोन नॅनोसेकंद आधी निघाला की नंतर, याची खूण एवढ्या उलाढालीतून टिकून राहण्याची वाटच नाही.

मग संगीताची वेळ ठरते कुठे? ती ठरते प्लेअरच्या शेवटच्या टप्प्यावर, डॅक नावाच्या चिपपाशी, जिथे आकड्यांचे विद्युतदाबात रूपांतर होते. चांगल्या उपकरणांत तिथे बहुधा दोन क्रिस्टल असतात: एक २२.५७९२ मेगाहर्ट्‌झचा आणि दुसरा २४.५७६ मेगाहर्ट्‌झचा. पहिला ४४,१०० च्या बरोबर ५१२ पट आहे, दुसरा ४८,००० च्या ५१२ पट, त्यामुळे सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुने (किंवा त्यांच्या पटीत) असलेल्या दोन्ही कुळांतील संगीताला नेमका ठोका मिळतो. स्विचमधला क्रिस्टल सामान्यतः २५ मेगाहर्ट्‌झचा असतो. या आकड्याला ४४,१०० नेही नि:शेष भाग जात नाही आणि ४८,००० नेही नाही. स्विचच्या घड्याळाला संगीताचा ठोका माहीत नाही आणि तो माहीत असण्याची गरजही नाही. मुंबई-पुण्याच्या अनेक सोसायट्यांत पालिकेचे पाणी दिवसातून ठरावीक वेळीच येते, कधी जोरात, कधी करंगळीएवढ्या धारेने; पण गच्चीवरची टाकी भरलेली असेल तर स्वयंपाकघरातल्या नळाची धार एकसारखीच राहते. प्लेअरमधली बफर नावाची स्मृती ही ती टाकी, आणि डॅकचे घड्याळ हा तो नळ.

ही टाकी ओसंडून वाहत नाही आणि सहसा कोरडी पडत नाही, याचे कारण संगीत ढकलले जात नाही, ओढले जाते. आपल्याकडे अजून किती जागा शिल्लक आहे हे प्लेअर पाठवणाऱ्याला सतत कळवत असतो आणि तेवढेच त्याला मिळते. वाटेत एखादे पाकीट बिघडले, तर त्याच्या शेपटाला जोडलेली ३२ बिटांची तपासणी जुळत नाही, स्विच किंवा प्लेअर ते पाकीट टाकून देतो आणि त्याची नवी प्रत मागवली जाते. गिगाबिट इथरनेटच्या मानकाने १,००० कोटी बिटांमागे फार तर एका चुकीची मुभा दिली आहे. म्हणजे अगदी त्या टोकाच्या केबलवरही सीडीच्या दर्जाचे संगीत ऐकताना सुमारे दोन तासांनी एखादा बिट चुकेल, आणि त्याची दुरुस्ती बफर रिकामा होण्याच्या कितीतरी आधी झालेली असेल. संगीत ‘किंचित बिघडून’ पोहोचण्याची सोयच या रचनेत नाही. ते जसेच्या तसे पोहोचते, किंवा थांबते.

याची परीक्षा घरी घेता येते आणि तिला खर्च नाही. गाणे चालू असताना प्लेअरच्या मागची लॅन केबल सरळ काढावी. बफर मोठा असेल तर गाणे काही सेकंद, कधी शेवटपर्यंत, चालू राहते. या काळात स्विच, राउटर आणि केबल यांचा ऐकण्याशी कसलाही संबंध उरलेला नसतो. त्या क्षणी आवाजात फरक पडला नाही, तर केबल जोडलेली असतानाही महागडा स्विच आणखी काय सुधारणार होता, हा प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारावा.

या परीक्षेचा आणखी एक उपयोग आहे, आणि तिथे ऑडिओफाइल मंडळींची बाजूही नीट ऐकून घ्यायला हवी. केबल ही तांब्याची तार असल्यामुळे बिटांबरोबर विद्युत गोंगाटही वाहून आणू शकते, हा त्यांचा मुद्दा तत्त्वतः चूक नाही. मात्र इथरनेटच्या प्रत्येक पोर्टात छोटे ट्रान्सफॉर्मर बसवलेले असतात आणि ते १,५०० व्होल्टपर्यंतचे विलगीकरण सोसतील, अशी मानकाची अट आहे. त्यामुळे साध्या, बिनआवरणाच्या केबलमधून दोन उपकरणांची अर्थिंग एकमेकांना जोडली जात नाही. धातूचे आवरण आणि धातूची टोके असलेली ‘भारी’ केबल घेतली, तर ते आवरण नेमका हाच जोड पुन्हा तयार करू शकते, आणि अर्थिंग यथातथा असलेल्या घरात स्पीकरमधून ५० हर्ट्‌झची घूं ऐकू येऊ शकते. केबल काढल्याबरोबर घूं थांबली, तर दोष त्या वाटेने येतो आहे. बिनआवरणाची केबल लावून पाहावी. घूं तशीच राहिली, तर शोध दुसरीकडे घ्यावा.

एवढे असूनही संगीतासाठी घरात स्विच बसवावा, असेच मी म्हणेन. फक्त कारण वेगळे आहे. इमारतीत प्रत्येक घरात राउटर असतो, आणि वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच: १, ६ आणि ११. एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलायचे असते, मग शेजाऱ्याचा टीव्ही असो वा आपला फोन. सरासरी वेग भरपूर दिसतो, पण मधूनच काही सेकंदांची खिंडारे पडतात, आणि ती बफरपेक्षा मोठी झाली की गाणे अडखळते. प्लेअर, नास आणि टीव्ही ही जागची न हलणारी उपकरणे तारेवर घेतली, की हवा फोनसाठी मोकळी होते.

तारेवरही पूर्वी हीच गर्दी होती. १९७३ मध्ये रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात इथरनेट घडवले, तेव्हा सर्व संगणक एकाच जाड केबलवर बोलत आणि एकमेकांवर आदळत. प्रत्येकाला स्वतंत्र रस्ता देणारा इथरनेट स्विच १९९० च्या सुमारास ‘कल्पना’ या अमेरिकी कंपनीने बाजारात आणला. भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज हे तिच्या संस्थापकांपैकी एक, आणि कंपनीचे नाव त्यांच्या पत्नीचे. पुढे ती सिस्कोने विकत घेतली. कोणत्या पोर्टावर कोणते उपकरण आहे, हे आजचा हजार रुपयांचा स्विचही येणाऱ्या पाकिटांवरचा प्रेषकाचा पत्ता वाचून स्वतःच शिकतो. म्हणूनच साध्या स्विचला कसलेही सेटिंग लागत नाही. नास आणि प्लेअर दोघेही त्यावर असतील, तर त्यांच्यातले संगीत राउटरपर्यंत जातही नाही.

जोडणीत पैसे खर्च करायचे असतील, तर ते केबलवर करावेत, आणि तेही बेतानेच. कॅट ५ई दर्जाची, अस्सल तांब्याची केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिटला पुरते. स्वस्त गुंडाळ्यांमध्ये अनेकदा तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार असते. ती ठिसूळ असते, आणि क्रिम्पिंग केलेल्या, म्हणजे प्लगमध्ये दाबून बसवलेल्या, टोकाशी काही महिन्यांनी तिची एखादी जोडी तुटते. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच, त्यामुळे अशी केबल बहुधा बंद न पडता मुकाट्याने खालच्या वेगावर उतरते. संगीताला तोही वेग पुरून उरतो. खरा त्रास देते ती अर्धवट तुटलेली जोडी: संपर्क सुटतो, दोन्ही टोके पुन्हा बोलणी करून जुळायला काही सेकंद घेतात, आणि हे दिवसभर चालू राहते. पोर्टाचा दिवा मध्येच विझून पुन्हा लागत असेल, तर आधी केबल बदलावी. वीजतारांच्याच पाइपातून लॅन ओढण्याचा वायरमनचा आग्रह मात्र सुरक्षिततेच्या कारणावरून ठामपणे नाकारावा.

राउटर आणि स्विच यांच्यात केबल एकच हवी. ‘दुप्पट वेगासाठी’ दुसरी जोडली, तर वर्तुळ तयार होते, आणि इथरनेटच्या पाकिटाला आयुष्याची मर्यादा नसल्यामुळे सर्वांसाठी काढलेले एखादे पाकीट त्यात फिरतच राहते. सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकतात आणि घरातले इंटरनेट ठप्प होते. अशी वर्तुळे ओळखून तोडणारी रीत रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधली, पण ती साध्या घरगुती स्विचमध्ये बहुधा नसते.

आपल्याकडे सर्वाधिक आढळणारी अडचण वेगळीच आहे. इंटरनेट कंपनीच्या डब्यात राउटर असतो, आणि त्यापुढे आपण आपला दुसरा राउटर जोडतो. फोन एका जाळ्यात, प्लेअर दुसऱ्यात. प्लेअर चालवणारे फोनमधले अ‍ॅप प्लेअरला शोधताना २२४.०.०.२५१ किंवा २३९.२५५.२५५.२५० अशा सामूहिक पत्त्यांवर हाक मारते, आणि ही हाक राउटर ओलांडत नाही. दुसऱ्या राउटरला वेगळे जाळे न करता फक्त वाय-फाय पुरवणाऱ्या, म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंटच्या अवस्थेत टाकले की प्रश्न सुटतो. सेटिंग करता येणारा, म्हणजे मॅनेज्ड स्विच घेणाऱ्यांना याचाच दुसरा अवतार भेटतो. आयजीएमपी स्नूपिंग, म्हणजे सामूहिक पत्त्यावरची हाक फक्त तिच्या सभासद उपकरणांकडेच पाठवण्याची सोय, चालू असेल, पण सभासदांची चौकशी करत राहणारे उपकरण जाळ्यात नसेल, तर स्विच चार-पाच मिनिटांनी प्लेअरचे सभासदत्व विसरतो. गाणे चालू असते, पण अ‍ॅपमधून प्लेअर गायब. घरात हे स्नूपिंग बंद ठेवलेले बरे.

स्विचला खरोखर वेळ पाळावी लागते ती सभागृहांत आणि स्टुडिओंत. तिथे नेटवर्कवरून थेट आवाज वाहून नेणाऱ्या डांटेसारख्या पद्धतीत आवाज जवळपास एका मिलिसेकंदात पोहोचवायचा असतो, उपकरणांची घड्याळे नेटवर्कवरूनच जुळवलेली असतात आणि हरवलेले पाकीट पुन्हा मागवायला सवड नसते. तिथे स्विचची वीजबचतीची सोयसुद्धा बंद करावी लागते. घरातले स्ट्रीमिंग या वर्गात मोडत नाही.

राहता राहिली वीज. इन्व्हर्टरवर जाताना पंख्याला कळतही नाही, पण तेवढ्या झटक्यात एखादा राउटर नव्याने सुरू होतो. स्विच काही सेकंदांत परततो. फायबरचा डबा आणि राउटर यांना मात्र एक-दोन मिनिटे लागतात, आणि एवढ्यात बहुतेक बफर संपलेले असतात. राउटरसाठी मिळणारा मिनी यूपीएस फायबरचा डबा, राउटर आणि स्विच या तिघांनाही पुरेल असा पाहून घ्यावा, पण जोडण्याआधी प्रत्येकाच्या अडॅप्टरवरचा व्होल्टेज वाचावा: राउटर बहुधा १२ व्होल्टचा असतो, छोटे स्विच पुष्कळदा ५ किंवा ९ व्होल्टचे, आणि पिन एकसारखी असल्यामुळे चुकीची जोडणीही सहज बसते.