पेट्रोल की डिझेल: अमेरिकी पिकअपचे अ‍ॅव्हरेज आणि साडेआठ हजार पौंडांची रेषा

अमेरिकेत विक्रीसाठी उभ्या असलेल्या नव्या मोटारीच्या काचेवर, ती शहरात किती आणि महामार्गावर किती अ‍ॅव्हरेज देईल, याचे आकडे छापलेला कागद चिकटवलेला असतो. त्याच आवारात दोन रांगा पलीकडे उभ्या असलेल्या मोठ्या पिकअपच्या काचेवरही कागद असतो. त्यावर किंमत असते, इंजिनाचा तपशील असतो, इंधनाचा चौकोन मात्र नसतो. पेट्रोल घ्यावे की डिझेल, हा वाद ज्या गाड्यांवरून सर्वांत हिरिरीने होतो, नेमक्या त्याच गाड्यांचा अधिकृत आकडा ग्राहकापुढे येत नाही. (तिकडे ‘गॅस’ म्हणजे पेट्रोल. आपल्याकडच्या सीएनजीशी त्याचा संबंध नाही, म्हणून इथे पेट्रोल हाच शब्द वापरला आहे.)

या रिकाम्या जागेचे मूळ १९७० च्या दशकात आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर १९७५ मध्ये इंधनबचतीचा केंद्रीय कायदा झाला. हलक्या ट्रकसाठीचे पहिले निकष ६,००० पौंडांपर्यंतच्या गाड्यांना लागू झाले आणि १९८० च्या मॉडेलपासून ती मर्यादा ८,५०० पौंडांवर, म्हणजे सुमारे ३,८५६ किलोंवर नेण्यात आली. त्यापलीकडच्या गाड्यांना ना निकष, ना काचेवरचा आकडा. हे पौंड गाडीच्या वजनाचे आहेत असा समज सर्रास आढळतो, पण तो चुकीचा आहे. गाडी, इंधन, माणसे आणि माल मिळून जास्तीत जास्त किती भार चालेल, हे कंपनी स्वतः ठरवते आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापते. कायदा हाच छापील आकडा पाहतो. साहजिकच रेषेच्या कोणत्या बाजूला उभे राहायचे, हे काही अंशी कंपनीच्या हाती राहते. ही केवळ शंका नव्हे. १९७५ मध्ये फोर्डचे एफ-१५० हे मॉडेल आले, तेच मुळी अर्ध्या टनाच्या पिकअपचा छापील भार ६,००० पौंडांच्या वर नेऊन त्या काळच्या प्रदूषणनियमांतून सुटण्यासाठी. ‘अर्धा टन’, ‘पाऊण टन’, ‘एक टन’ ही नावेही अशीच दिशाभूल करतात. एके काळी ती माल वाहण्याची क्षमता सांगत. आजची अर्ध्या टनाची पिकअप त्याहून कितीतरी अधिक माल वाहते.

सवलतीच्या बाजूने तेव्हा जे म्हणता येत होते, ते पोकळ नव्हते. जड पिकअप शेतकऱ्याची, कंत्राटदाराची गाडी होती. एक दिवस रिकामी, दुसऱ्या दिवशी घोड्यांचा ट्रेलर ओढणारी अशा गाडीला एकच आकडा लावला तर तो फसवाच ठरेल, हे खरे आहे. परंतु आज याच गाड्या घरच्या गाड्या म्हणून रोज कामावर आणि शाळेत जातात, तेव्हा तो युक्तिवाद टिकत नाही असे माझे स्पष्ट मत आहे. २०११ च्या मॉडेलपासून ८,५०० पौंडांवरील मोठ्या प्रवासी गाड्या या व्यवस्थेत घेतल्या गेल्या, पण जड पिकअप बाहेरच राहिल्या. २०१४ च्या मॉडेलपासून त्यांनाही इंधनवापराची मर्यादा टप्प्याटप्प्याने लागू होत गेली आणि २०१८ पर्यंत पेट्रोल गाड्यांसाठी सुमारे १० टक्के, डिझेलसाठी सुमारे १५ टक्के घट अपेक्षित धरली गेली. त्यासाठी या गाड्यांची चाचणी अर्धा माल भरल्याइतके वजन धरून होते. म्हणजे मोजमाप होते, आकडा सरकारी यंत्रणेकडे जातो, आणि ज्याच्या खिशातून इंधनाचे पैसे जातात त्याला काचेवर तो दिसत नाही. हा निर्णय मला आजही पटत नाही.

हलक्या पिकअपचा आकडा छापला जातो, पण तो रस्त्यावर नव्हे, प्रयोगशाळेत रोलरवर चाके फिरवून काढलेला असतो. महामार्गाच्या मूळ चाचणीत सरासरी वेग ताशी ४८ मैल आणि कमाल ६० मैल. टेक्ससमध्ये ७५ ने जाणाऱ्याला तो आकडा कसा मिळावा? म्हणून १९८५ च्या मॉडेलपासून शहराचा आकडा १० टक्क्यांनी आणि महामार्गाचा २२ टक्क्यांनी कमी करून छापू लागले. २००८ पासून वेगवान चालवणे, वातानुकूलन आणि थंडी यांचाही हिशेब आला. ट्रेलर मात्र कधीच आला नाही.

डिझेलचा खरा फायदा तर तिथेच आहे. डिझेल इंजिनाची ताकद हवा अडवून कमी-जास्त केली जात नाही, दाबाचे गुणोत्तर जास्त असते, आणि भार वाढला तरी मिश्रण पातळच, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमीच, राहते. टर्बो पेट्रोल इंजिन मात्र चढावर ट्रेलर ओढताना स्वतःला थंड ठेवण्यासाठी जादा पेट्रोल ओतते. रिकाम्या गाड्यांच्या तुलनेतला फरक आणि भरलेल्या गाड्यांच्या तुलनेतला फरक म्हणूनच सारखा नसतो. दोन मालक एकमेकांना खोटे ठरवतात तेव्हा बहुधा दोघेही खरे बोलत असतात.

२००७ नंतर डिझेलच्या पारड्यात नवे वजन पडले. काजळी पकडणारा फिल्टर आला आणि २०१० च्या निकषांमुळे बहुतेक गाड्यांत युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी आली. फिल्टर भरला की गाडी जादा डिझेल जाळून तो तापवते आणि साफ करते. वेग तोच, रस्ता सपाट, तरी पडद्यावरचा तात्काळ अ‍ॅव्हरेजचा आकडा खाली घसरतो, आणि थांबल्यावर गाडीखालून तापल्याचा वास येतो. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत ही सफाई वारंवार अर्धवट राहते आणि डिझेलची आघाडी विरघळते.

गॅलनही (एक गॅलन म्हणजे सुमारे ३.८ लिटर) सारखे नसतात. डिझेलच्या गॅलनमागे सुमारे १०.१८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, पेट्रोलच्या गॅलनमागे ८.८९ किलो. समजा पेट्रोल पिकअप गॅलनला २० मैल देते आणि डिझेल २५. हजार मैलांना ५० गॅलनऐवजी ४० लागतील, म्हणजे २० टक्के बचत, पण कार्बन जेमतेम ८ टक्क्यांनी घटेल. दराचेही तसेच. केंद्रीय कर पेट्रोलवर गॅलनमागे १८.४ सेंट, तर डिझेलवर २४.४ सेंट आहे, आणि २००४ च्या उत्तरार्धापासून पंपावर डिझेल बहुतेक काळ साध्या पेट्रोलपेक्षा महागच राहिले आहे.

२०१४ पासून हलक्या पिकअपमध्ये ही तुलना छापील आकड्यांवर करता आली. रॅम १५०० या पिकअपचे तीन लिटरचे डिझेल महामार्गावर गॅलनला २८ मैल घेऊन आले. त्यानंतर २०१८ मध्ये एफ-१५० ने ३० आणि २०२० च्या शेव्हर्ले सिल्व्हराडोने ३३ मैल, म्हणजे लिटरला सुमारे १४ किलोमीटर, इथवर मजल मारली. पण २०१७ मध्ये पहिल्या गाडीच्या प्रदूषण-सॉफ्टवेअरवर आरोप झाले, २०१९ मध्ये तडजोड झाली आणि सुमारे एक लाख गाड्यांचे सॉफ्टवेअर बदलण्याचे ठरले. पुढे एफ-१५० चे डिझेल २०२१ च्या मॉडेलनंतर आणि रॅम १५०० चे २०२३ मध्ये बंद झाले. त्यामुळे डिझेल पिकअप घेऊ पाहणारा ग्राहक आज बहुतेक करून पुन्हा रेषेपलीकडच्या रांगेतच उभा असतो. तिथे काचेवर चौकोन नसतो, आणि टाकी फुल करून पुढच्या फुल टाकीपर्यंतचे मैल वहीत लिहिणे एवढाच मार्ग त्याच्यापुढे उरतो.