ग्वेनल्हियन

ग्वेनल्हियन हे मध्ययुगापासून चालत आलेले मुलीचे वेल्श नाव. ‘ग्वेन’ म्हणजे पांढरी, गोरी. पवित्र, धन्य हेही त्याचे अर्थ. पुढचा भाग ओघ, लोंढा या अर्थाच्या ‘ल्हियन्त’चा मानतात, शेवटचा ‘त’ गळून गेला. काही जण तो कापडाच्या ‘ल्हियाइन’शी जोडतात, पण ओघाचाच अर्थ जास्त रुळला आहे. ‘ग्वेन’चे पुल्लिंगी रूप ‘ग्विन’, आपल्या पांढरी-पांढरासारखेच. वेल्सबाहेर ‘ब्रॉनवेन’ या मुलीच्या नावाचे ‘ब्रॉनविन’ करतात, तेव्हा त्याला पुल्लिंगी शेपूट लागते.

उच्चारातली खरी अडचण ‘ल्ह’ची. जिभेचे टोक ‘ल’साठी टेकते तिथेच टेकवून ठेवायचे आणि कंठ न वाजवता जिभेच्या कडेने हवा सोडायची. गळ्यावर बोट ठेवले तर थरथर जाणवता कामा नये. ‘कोल्हापूर’ शब्दातला ‘ल्ह’ जवळचा खरा, पण त्यात कंठ वाजतो. आघात ‘ल्हि’वर. रोमन लिपीत इथे दोन ‘एल’ दिसतात, पण वेल्श वर्णमालेत ते एकच अक्षर आहे. वेल्श शब्दकोड्यात ते एकाच चौकटीत बसते, आणि ओळीच्या शेवटी शब्द तोडताना ते फोडायचे नसते.

हे नाव वेल्सला जिव्हाळ्याचे झाले ते दोघींमुळे. उत्तर वेल्समधल्या ग्विनेद राज्याचा राजा ग्रिफिद अप कनन याची मुलगी ग्वेनल्हियन 1136 मध्ये किडवेलीच्या किल्ल्याजवळ नॉर्मनांविरुद्ध सैन्य घेऊन उतरली आणि मारली गेली. ती जागा आजही ‘माइस ग्वेनल्हियन’, म्हणजे ग्वेनल्हियनचे रान, म्हणून ओळखली जाते.

दुसरी वेल्सचा राजपुत्र ल्हवेलिन अप ग्रिफिद याची एकुलती एक लेक. जन्म जून 1282. बाळंतपणात आई गेली, डिसेंबरात वडील मारले गेले. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने या तान्ह्या वारसाला लिंकनशरमधल्या सेम्प्रिंगमच्या मठात धाडले. मोठी होऊन तिने विवाह केला, तर वेल्सच्या गादीवर हक्क सांगणारे उभे राहिले असते. 1337 मध्ये मरेपर्यंत, म्हणजे सुमारे 54 वर्षे, ती तिथेच राहिली. मठाच्या कागदांत तिचे नाव ‘वेन्टलियान’ असे उमटले आहे. सुरुवातीचा ‘ग’ गेला, ‘ल्ह’च्या जागी ‘टल’ आला. वेल्श न येणाऱ्यांच्या कानांनी ते असेच टिपले.

2009 मध्ये याच राजकन्येच्या स्मरणार्थ वेल्समधल्या स्नोडोनिया या डोंगराळ भागातल्या 926 मीटर उंचीच्या ‘कार्नेद इखाव’ शिखराचे नाव ‘कार्नेद ग्वेनल्हियन’ झाले.

हे नाव असलेल्या मुलीला घरात लाडाने ‘ग्वेन’ किंवा ‘ल्हियो’ म्हणतात.