जन्मसालावरून पिढीचा स्वभाव कळतो का?

फिरून फिरून येणारा संदेश असा: १९८१ ते १९९६ मध्ये जन्मलेले मिलेनियल, १९९७ ते २०१२ मधले जेन झी, आणि प्रत्येक पिढीचा स्वभाव ठरलेला.

या रेषा सोयीसाठी आखलेल्या आहेत. कुणी जेन झी १९९५ पासूनच धरतं. डिसेंबर १९९६ आणि जानेवारी १९९७ ची मुलं एकाच वर्गात बसली, तरी पिढ्या दोन. उलट २००७ साली एक मिलेनियल २६ वर्षांचा कमावता होता, दुसरा ११ वर्षांचा शाळकरी.

मग फरक जाणवतो तो कशाचा? बहुतेकदा वयाचा. विशीतले नोकरी लवकर बदलतात, हे आधीच्या विशीतल्यांबाबतही खरं होतं. म्हणून आजच्या पंचविशीची तुलना आजच्या पन्नाशीशी करू नका. पंचवीस वर्षांपूर्वीच्या पाहणीतली पंचविशी घ्या, प्रश्न शब्दशः तोच हवा. फरक उरलाच, तर इतर वयोगटही तितकेच बदललेत का ते बघा. बदलले असतील तर तो काळाचा परिणाम.

तरुणपणी आलेली मंदी किंवा युद्ध खुणा ठेवतं, हे खरंच. पण त्या खुणा ३१ डिसेंबरच्या रात्री संपत नाहीत, आणि श्रीमंत-गरीब घरांत सारख्या उमटतही नाहीत.