काठ हिरवागार दिसतोय, पण मुळांचं काय?

उन्हाळ्यात शिरोळकडच्या बंधाऱ्यांपाशी पंचगंगा बघा, पाण्यावर केंदाळ आणि काठाला बेशरमाची झुडपं नि पाणकणीस हे उंच पाणगवत माजलेलं, नवखा माणूस म्हणेल काय झकास हिरवळ आहे. पण ही हिरवळ कशावर पोसलीय ते बघायला पाहिजे.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या पंचगंगेला पाणी देणाऱ्या नद्या घाटाकडून उतरतात तेव्हा त्यांच्या पाण्यात झाडांना खायला फार काही नसतं. प्रयाग चिखलीच्या पुढं कोल्हापूर शहरातले जयंती, दुधाळी नाले येतात आणि मग दोन्ही काठांना ऊसच ऊस. सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस दोन्ही येतात, उसाला टाकलेल्या युरियात तर ४६ टक्के नायट्रोजन असतो, आणि पिकानं उचलला नाही तो नायट्रेट होऊन पाण्याबरोबर झिरपत नदीला जातो, कारण माती त्याला धरूनच ठेवत नाही. फॉस्फरसचं उलटं आहे, तो मातीच्या कणांना घट्ट चिकटतो, पावसाळ्यात गढूळ पाण्यातून येतो आणि काठाच्या गाळात बसून राहतो.

आता हे सगळं मिळाल्यावर काठावरची सगळीच झाडं सारखी वाढतील असं वाटतं ना, तसं होत नाही. जी कमी खाण्यात जगायला शिकलीत ती सावकाश वाढतात, आणि जी हावरट आहेत ती झपाट्यानं वर जाऊन बाकीच्यांचं ऊन अडवतात. अमेरिकेत फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स पाणथळीत हेच झालं, आणि तिथंही शेजारी उसाचीच शेती! तिथलं मूळचं सॉग्रास नावाचं गवत अगदी कमी फॉस्फरसवर जगणारं, शेतातून फॉस्फरस वाहून यायला लागल्यावर मोठमोठ्या पट्ट्यांत ते गेलं आणि त्याच्या जागी पाणकणीस आलं. तिथल्या पाण्यासाठी फॉस्फरसची मर्यादा ठरवलीय १०० कोटी भागांत फक्त १० भाग, म्हणजे किती थोड्यानं फरक पडतो बघा.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती मुळांची गोष्ट. ताट समोर आयतं आलं की स्वयंपाकघरात कोण जातंय, तसं खत भरपूर मिळालं की बरीच झाडं मुळांवर खर्च कमी करतात आणि पानं, खोडं वाढवतात. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरच्या खाजणात शास्त्रज्ञांनी ९ वर्षं भरतीच्या पाण्यात मुद्दाम पोषकद्रव्यं सोडली, २०१२ साली निष्कर्ष छापून आले: वर गवत उंच झालं, खाली माती धरणारी मुळं कमी झाली, आणि ओढ्यांचे काठ तडे जाऊन ढासळायला लागले. ते खारं पाणी, आपली गोडी नदी, त्यामुळं जसंच्या तसं इथं लागू करता येणार नाही, पण २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या गावांनी काठावर नुसतं हिरवं बघून खूश होऊ नये.

वाळुंज, करंज, उंबर अशा झाडांचा पट्टा राखला तर फायदा दुहेरी. मुळं माती धरतात, आणि मुळांजवळच्या ओल्या, हवा नसलेल्या मातीत जे जिवाणू असतात ते नायट्रेटचा वायू करून हवेत सोडतात, तेवढं नदीत जायचं वाचतं. अट एकच, पाणी त्या मातीतून झिरपत गेलं पाहिजे. शिरोळ तालुक्यात क्षारपड जमिनीत निचऱ्याचे पाइप घालतात, जमीन सुधारायला ते लागतातच, पण पाइपाचं तोंड नाल्यात उघडत असेल तर नायट्रेट पट्ट्याच्या मातीला न शिवताच नदीत पोचतं, मग वर कितीही झाडं लावा. तिथं पाइपाच्या तोंडापुढं पाणी थांबेल असं छोटं डबकं करून त्यात पाणकणीस लावायला पाहिजे, कारण तो हावरट गडी तिथं मात्र कामाचा आहे, फक्त वेळच्या वेळी कापून बाहेर काढायचा, नाहीतर कुजला की खाल्लेलं सगळं परत पाण्यात.